कपाटातले पुस्तक आणि मोबाइलमधले पुस्तक: विक्रीचे आकडे कसे वाचावेत

आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाची ग्रंथखरेदीची बैठक दरवर्षी दिवाळीच्या सुमारास, शेतात सीतादही (कापसाच्या वेचणीआधीची पूजा) होऊन कापसाचा पहिला वेचा घरी आल्यानंतर होते. वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातले हे लहानसे ग्रंथालय शासकीय परिरक्षण अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर चालते, त्यामुळे त्या बैठकीत प्रत्येक रुपयाचा हिशेब होतो. गेल्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदाने विचारले, “मोबाइलात सारंच भेटते, मंग हे पुस्तकं कायले घेता?” प्रश्न रास्त होता आणि त्याला भावनेच्या भरात उत्तर देणे योग्य झाले नसते. म्हणून ई-पुस्तकांची आणि छापील पुस्तकांची विक्री गेल्या पंधरा-सतरा वर्षांत कशी बदलत गेली, ते आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे मी मिळवून वाचले. तेच येथे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे ‘ई-पुस्तक’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात. एक आहे पीडीएफ, म्हणजे छापील पानाचे जसेच्या तसे चित्र. ते लहान पडद्यावर वाचायचे तर पान बोटाने मोठे करून डावी-उजवीकडे सरकवावे लागते. दुसऱ्या प्रकारात मजकूर मोकळा असतो. पडदा लहान असो वा मोठा, ओळी त्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप जुळतात आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. किंडलसारख्या, खास ई-पुस्तके वाचण्यासाठी बनवलेल्या उपकरणांवर विकली जाणारी पुस्तके प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारची असतात. पुढे मराठीचा विचार करताना हा फरक फार महत्त्वाचा ठरणार आहे.

ई-पुस्तकांच्या विक्रीचा जो आलेख जगभर दाखवला जातो तो मुख्यतः अमेरिकेचा आहे. अॅमेझॉनने १९ नोव्हेंबर २००७ रोजी किंडल बाजारात आणले. किंमत ३९९ डॉलर असूनही पहिला साठा साडेपाच तासांत संपला. त्यानंतरची चढण खरोखरच थक्क करणारी होती. जुलै २०१० मध्ये कंपनीने जाहीर केले की मागील तीन महिन्यांत जाड बांधणीच्या प्रत्येक १०० पुस्तकांमागे १४३ किंडल पुस्तके विकली गेली. मे २०११ मध्ये तिने सांगितले की १ एप्रिलपासून सर्व प्रकारच्या छापील पुस्तकांच्या १०० प्रतींमागे १०५ ई-पुस्तके विकली जात आहेत. सर्वसाधारण वाचकांसाठीच्या पुस्तकांतून अमेरिकी प्रकाशकांना जे उत्पन्न मिळते, त्यातील ई-पुस्तकांचा वाटा २००८ मध्ये जेमतेम एक टक्का होता, तो २०१२ मध्ये २२ टक्क्यांच्या वर गेला. त्याच काळात, २०११ मध्ये, बॉर्डर्स ही तेथील मोठी पुस्तक दुकानांची साखळी दिवाळखोरीत निघाली. छापील पुस्तकाला आता मोजकीच वर्षे उरली आहेत, हे भाकीत त्या दिवसांतले आहे, आणि आमच्या सभासदाच्या प्रश्नात त्याचाच उशिरा पोहोचलेला पडसाद होता.

परंतु भाकीत ज्या रेषेवर उभे होते ती रेषाच पुढे वळली. २०१३ नंतर प्रकाशकांच्या हिशेबातील ई-पुस्तकांचे उत्पन्न वाढायचे थांबले आणि मग उतरू लागले. २०२० मध्ये करोनामुळे दुकाने बंद असताना ते पुन्हा वाढले, पण तो जोर टिकला नाही, आणि आज हा वाटा दहा-बारा टक्क्यांच्या आसपास आहे. दुसरीकडे छापील प्रतींची मोजणी करणाऱ्या बुकस्कॅन या सेवेनुसार अमेरिकेत २०१२ मध्ये सुमारे ५९ कोटी छापील प्रती विकल्या गेल्या होत्या, त्या २०२१ मध्ये साडेब्याऐंशी कोटींच्या घरात गेल्या. त्यानंतर काही घट झाली, तरी २०२३ मधील विक्रीसुद्धा २०१२ पेक्षा बरीच अधिक होती.

हा उलटा फिरलेला प्रवाह समजून घ्यायचा तर किमतीचे राजकारण पाहावे लागते, कारण माझ्या मते सर्वांत मोठे कारण तेच आहे. सुरुवातीला अॅमेझॉन बहुतेक नवी आणि खपाऊ ई-पुस्तके ९.९९ डॉलरला विकत असे. कित्येकदा स्वतः तोटा सोसून. स्वस्त पुस्तकाच्या ओढीने लोकांनी उपकरण घ्यावे, हा त्यामागचा विचार होता. प्रकाशकांना भीती वाटली की वाचकाच्या मनात हीच किंमत पक्की बसली तर कागदी पुस्तकाची किंमतही कोसळेल. २०१० मध्ये अॅपलने आयपॅड आणले तेव्हा पाच मोठ्या प्रकाशकांनी त्या कंपनीच्या साथीने ‘किंमत आम्ही ठरवू, दुकानदाराने फक्त दलाली घ्यावी’ अशी पद्धत आणली. अमेरिकी सरकारने २०१२ मध्ये या पाच प्रकाशकांवर आणि अॅपलवर संगनमताचा खटला भरला. प्रकाशकांनी तडजोड केली, आणि अॅपलच्या विरोधातील २०१३ चा निकाल शेवटपर्यंत कायम राहिला. मात्र पुढे २०१४-१५ च्या सुमारास मोठ्या प्रकाशकांनी अॅमेझॉनशी स्वतंत्रपणे नवे करार करून किंमत ठरवण्याचा अधिकार परत मिळवला आणि ई-पुस्तकांच्या किमती वाढल्या. कागदी पुस्तकावर दुकानदार सवलत देऊ शकत होता, ई-पुस्तकावर नाही; त्यामुळे कधी कधी तेच पुस्तक कागदावर स्वस्त आणि पडद्यावर महाग असे दिसू लागले. अशा वेळी वाचकाने कागदाकडे वळणे स्वाभाविकच होते.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. ‘ई-पुस्तकांची विक्री घटली’ हे विधान त्या प्रकाशकांपुरते खरे आहे, जे आपल्या संघटनेला आकडे कळवतात. स्वतःच आपले पुस्तक अॅमेझॉनवर चढवणारे हजारो लेखक या मोजणीत येत नाहीत. अशा ई-पुस्तकाला आयएसबीएन या पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचीही सक्ती नसते आणि अॅमेझॉन आपले पूर्ण आकडे जाहीर करत नाही. दरमहा वर्गणी भरून हवी तितकी पुस्तके वाचण्याच्या योजनेत तर ‘प्रत’ विकलीच जात नाही. वाचक किती पाने वाचतो त्यावर लेखकाला पैसे मिळतात. बाजार समितीत किती कापूस आला यावरून तालुक्यातला सारा कापूस मोजता येत नाही, कारण व्यापारी गावात येऊन करतो त्या खेडा खरेदीतला माल त्या नोंदीत येत नाही. तसेच हे आहे. उत्पन्न मोजले की प्रती मोजल्या, मोठे प्रकाशक धरले की सगळे लेखक, हे विचारल्याशिवाय कोणताही आकडा पुढे करू नये.

पुस्तकाचा प्रकार बदलला की चित्रही बदलते. एका बैठकीत संपणाऱ्या प्रेमकथा, रहस्यकथा आणि मालिका-कादंबऱ्या पडद्यावर भरपूर चालतात. जपानमध्ये चित्रकथांच्या खंडांची डिजिटल विक्री २०१७ मध्ये छापील खंडांच्या पुढे गेली. संदर्भग्रंथांनी तर कागद जवळजवळ सोडलाच. ब्रिटानिका विश्वकोशाची छापील आवृत्ती २०१२ मध्ये बंद झाली, आणि आपला मराठी विश्वकोशही आज गावातल्या शाळकरी मुलाला मोबाइलवर विनामूल्य पाहता येतो, जो पूर्वी पाहायचा तर जिल्ह्याच्या ग्रंथालयात जावे लागे. उलट लहान मुलांची चित्रांची पुस्तके, पाककृतींची पुस्तके आणि भेट देण्याची पुस्तके कागदावरच टिकून आहेत. देशही सारखे नाहीत. जर्मनीत छापील पुस्तकाबरोबर ई-पुस्तकाचीही किंमत कायद्याने ठरलेली असल्याने सवलतींची चढाओढ होत नाही, आणि सामान्य वाचकांच्या बाजारात ई-पुस्तकांचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपासच राहिला आहे. आपल्याकडे शेगावच्या महाराजांच्या पोथीचे उदाहरण पुरेसे आहे. एकवीस अध्यायांची ती पोथी मोबाइलवर सहज मिळते, तरीही पारायणाला बसणारा माणूस समोर छापील पोथीच ठेवतो, कारण तेथे पुस्तक वाचण्याबरोबर पूजलेही जाते.

भारताच्या बाजाराचे एक वैशिष्ट्य असे की येथे विकल्या जाणाऱ्या पुस्तकांत सर्वांत मोठा भाग शालेय आणि शैक्षणिक पुस्तकांचा आहे. कथा-कादंबऱ्यांवरून काढलेला अमेरिकेचा निष्कर्ष आपल्याला तसाच लागू करता येत नाही. बालभारती आपली पाठ्यपुस्तके पीडीएफच्या रूपात विनामूल्य देते, तरी शाळेत मूल दप्तरात छापील पुस्तकच घेऊन जाते.

आता मराठीकडे येऊ. किंडलवर मराठी येण्याच्या आधीपासून मराठी ई-पुस्तके होती. ‘ई-साहित्य प्रतिष्ठान’ २००८ पासून विनामूल्य मराठी ई-पुस्तके वाटत आहे, आणि ‘बुकगंगा’नेही छापील पुस्तकांबरोबर मराठी ई-पुस्तकांची विक्री लवकर सुरू केली. किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांचे दालन डिसेंबर २०१६ मध्ये उघडले. योगायोगाने त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू होऊन खेड्यापाड्यांत इंटरनेट स्वस्त झाले होते. साधने एकत्र आली होती, मग मराठी ई-पुस्तकांची लाट का उसळली नाही?

याचे एक कारण अक्षरजुळणीच्या जुन्या पद्धतीत दडलेले आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेतल्या प्रत्येक अक्षराला संगणकात स्वतःची ठरावीक ओळख देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी, आणि नंतरही बरीच वर्षे, मराठी पुस्तके श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये जुळवली जात. त्या फाँटमध्ये संगणकाच्या दृष्टीने ‘क’ हा ‘क’ नसे; रोमन अक्षराच्या जागेवर ‘क’चे चित्र बसवलेले असे. छापताना काहीच अडत नाही, कारण कागदाला फक्त चित्र हवे असते. ई-पुस्तकाला मात्र खरे अक्षर लागते. असा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरे फुटतात, ‘ऱ्या’ आणि ‘र्‍हा’ यांचा गोंधळ होतो, म्हणून संपूर्ण पुस्तकाचे मुद्रितशोधन पुन्हा करावे लागते. ज्या पुस्तकाची आवृत्तीच पाचशे किंवा हजार प्रतींची असते, त्यावर एवढा खर्च करणे लहान प्रकाशकाला परवडत नाही. परिणामी कित्येक जुनी, चांगली मराठी पुस्तके ई-पुस्तक म्हणून एकतर आलीच नाहीत किंवा पीडीएफ म्हणून आली, जी मोबाइलवर वाचताना डोळे शिणतात. मराठी वाचकाला पडदा आवडत नाही असे म्हणण्याआधी, त्याच्यासमोर पडद्यावर वाचण्याजोगे पुस्तक किती वेळा ठेवले गेले, हे पाहायला हवे.

खर्चाबद्दलही एक समज दुरुस्त करणे आवश्यक आहे. कागद नाही, छपाई नाही, म्हणजे ई-पुस्तक जवळजवळ फुकट तयार होते, असे अनेकांना वाटते. समजा एका छापील पुस्तकाची किंमत ३०० रुपये आहे. त्यातील तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक विक्रेता आणि वितरक यांच्या सवलतीत जातो, साधारण दहा टक्के लेखकाचे मानधन असते, आणि उरलेल्या रकमेतून कागद, छपाई, बांधणी, साठवण, वाहतूक, संपादन, मुखपृष्ठ आणि न खपलेल्या प्रतींचा तोटा भागवावा लागतो. ई-पुस्तकात कागदापासून वाहतुकीपर्यंतचा खर्च वाचतो. संपादन, मुखपृष्ठ आणि मुद्रितशोधन तेवढेच राहते, आणि विकणाऱ्या संकेतस्थळाचा वाटाही असतोच. त्यात कराचा फरक आहे. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, तर ई-पुस्तकावर आहे: छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर जुलै २०१८ पासून ५ टक्के, आणि जे केवळ ई-पुस्तक म्हणूनच निघते त्यावर १८ टक्के. एकच मजकूर कागदावर करमुक्त आणि पडद्यावर करपात्र असावा, हे मला पटत नाही. ब्रिटनने मे २०२० मध्ये ई-पुस्तकांवरील कर छापील पुस्तकांप्रमाणेच शून्यावर आणला. आपल्याकडेही तसे व्हायला हवे.

ग्रंथालयाचा कार्यवाह म्हणून मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा मुद्दा मालकीचा आहे. छापील पुस्तक आणले की ग्रंथपाल त्याची दाखल नोंदवहीत नोंद करतो, त्याला क्रमांक मिळतो आणि ते ग्रंथालयाचे होते. ते उसने देता येते, जीर्ण झाले तर बांधून घेता येते, वीस वर्षांनी नातवालाही वाचायला मिळते. ई-पुस्तक ‘खरेदी करा’ असे लिहिलेले बटण दाबून मिळत असले, तरी बहुतेक वेळा आपण विकत घेतो तो केवळ वाचण्याचा परवाना. हा भेद केवळ कागदोपत्री राहिलेला नाही. जुलै २००९ मध्ये हक्कांचा वाद निघाल्यावर अॅमेझॉनने एका गाजलेल्या कादंबरीच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकल्या आणि पैसे परत केले. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी त्याबद्दल माफी मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा वाचकांची विकत घेतलेली पुस्तकेही दिसेनाशी झाली, पैसे तेवढे परत मिळाले. भारतात फ्लिपकार्टने २०१५ च्या अखेरीस ई-पुस्तकांची विक्री थांबवून ग्राहकांना कोबो या दुसऱ्या ई-पुस्तक कंपनीकडे सोपवले. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले की वापरलेले ई-पुस्तक हक्कधारकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला विकता येत नाही. म्हणजे रद्दीच्या दुकानातून निम्म्या किमतीत पुस्तके घेऊन शिकलेल्या आमच्या पिढीचा मार्गच या व्यवस्थेत नाही.

ग्रंथालयांपुरते पाहिले तर अमेरिकेत ई-पुस्तके उसनी देण्याची व्यवस्था आहे, पण तीही परवान्यावरच चालते. हार्परकॉलिन्स या प्रकाशन संस्थेने २०११ मध्ये नियम केला की ग्रंथालयाने घेतलेले ई-पुस्तक २६ वेळा उसने दिले की परवाना संपेल आणि पुन्हा पैसे भरावे लागतील. आमच्या कपाटातल्या लोकप्रिय कादंबऱ्या देवघेव नोंदवहीनुसार त्याच्या कितीतरी पट हातांतून गेल्या आहेत. मराठी ई-पुस्तके उसनी देण्याची अशी कोणतीही सोय आमच्यासारख्या गावापर्यंत अजून पोहोचलेली नाही. एका माणसाच्या खात्यावर घेतलेले ई-पुस्तक दोनशे सभासदांना देणे नियमात बसत नाही. दिवाळी अंकांच्या योजनेत आमच्याकडे एकेक अंक तीस-चाळीस घरे फिरतो. विक्रीच्या तक्त्यात ती एकच प्रत असते, आणि वाचन मात्र अख्ख्या गल्लीचे झालेले असते. छापील पुस्तकाची खरी पोहोच त्याच्या विक्रीच्या आकड्यात कधीच पूर्ण दिसत नाही, ती यामुळे.

ग्रंथालयाला लागून असलेल्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची, तलाठी भरतीची आणि राज्यसेवेची तयारी करणारी मुले-मुली बसतात. त्यांच्याकडे पीडीएफ भरपूर असतात; बहुतेक टेलिग्राम आणि व्हॉट्सअॅपवरून आलेल्या, म्हणजे विनापरवाना. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार हा गुन्हा आहे आणि त्यात प्रकाशकाचे खरे नुकसान होते, हे मी त्यांना वारंवार सांगतो. पण आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. हीच मुले ती पीडीएफ घेऊन तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात जातात, प्रिंट काढतात, स्पायरल बांधून आणतात आणि मग पेन हातात घेऊन अभ्यासाला बसतात. फुकट मिळालेला पडदा सोडून ती पैसे खर्चून कागदाकडे येतात. याला आधारही आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५४ अभ्यास आणि १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक विचारात घेणाऱ्या एका एकत्रित आढाव्यात असे आढळले की माहितीपर मजकूर, विशेषतः वेळेच्या बंधनात वाचताना, कागदावर अधिक चांगला समजतो. गोष्टीच्या वाचनात मात्र असा फरक दिसला नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास पहिल्या प्रकारात मोडतो.

याचा अर्थ ई-पुस्तक आपल्या कामाचे नाही असा मुळीच नाही. किंडलसारख्या उपकरणाचा पडदा मोबाइलसारखा प्रकाश डोळ्यांत सोडत नाही; त्यात अतिसूक्ष्म काळे-पांढरे कण वर-खाली होऊन अक्षर उमटते, त्यामुळे वैशाखातल्या उन्हातही ते वाचता येते आणि पान बदलतानाच वीज खर्च होत असल्याने बॅटरी अनेक दिवस चालते. भारनियमनाच्या गावाला ही सोय मोठी आहे. अडचण आहे ती उपकरणाच्या किमतीची. दृष्टी अधू झालेल्या वृद्धांना अक्षर मोठे करता येणे हे तर वरदान आहे. ऐकण्याच्या पुस्तकांचेही तसेच. स्टोरीटेलने २०१७ मध्ये भारतात सेवा सुरू केली तेव्हापासून त्यावर मराठी पुस्तके आहेत, आणि रात्रीच्या विजेवर ओलित करणाऱ्या माणसाला पुस्तक हातात धरता येत नसले तरी ऐकता येते. धारणी किंवा भामरागडसारख्या ठिकाणी, जेथे पुस्तकाचे दुकान शंभर-शंभर किलोमीटरवर आहे, एकदा उतरवून घेतलेले ई-पुस्तक नेटवर्क नसतानाही वाचता येते, ही गोष्ट लहान नाही.

डिजिटल तंत्राने कागदालाही मदत केली आहे. ई-पुस्तकासाठी तयार झालेल्या मजकुरावरून आता पन्नास-शंभर प्रतीही छापता येतात, त्यामुळे संपलेली पुस्तके परत मिळू लागली. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले असून त्यात ३०० ग्रॅमपर्यंतचे पुस्तक २० रुपयांत आणि पाच किलोपर्यंतचे पार्सल १०० रुपयांत, कर वेगळा धरून, गावच्या पोस्टात येते. वर्ध्याला जाण्या-येण्याच्या एसटीच्या भाड्याशी तुलना केली तर हा दर आमच्यासाठी किती मोलाचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

हे सारे समोर ठेवून आम्ही यंदाची यादी केली. ज्या लेखकांच्या निधनाला साठ वर्षे उलटून स्वामित्व हक्क संपला आहे, त्यांची पुस्तके विकत न घेता अधिकृतपणे विनामूल्य उपलब्ध असलेल्या प्रती अभ्यासिकेच्या संगणकावर उतरवून ठेवायच्या, असे ठरले. महात्मा गांधींचे लेखन २००९ पासून आणि साने गुरुजींचे २०११ पासून असे मुक्त आहे. मुलांसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरील मुक्त परवान्याच्या मराठी गोष्टी रंगीत छापून बांधून घ्यायच्या आहेत. वाचलेली रक्कम नव्या कथा-कादंबऱ्या, शेतीविषयक पुस्तके आणि स्पर्धा परीक्षांचे अधिकृत छापील संच यांवर खर्च होईल. ज्या सभासदाने प्रश्न विचारला होता, त्यांनी यादीवर सही करण्यापूर्वी एक पुस्तक वाढवून घेतले: कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या नियंत्रणाचे, आणि तेही मोठ्या टायपात छापलेले.